अमेरिकेतील दारूबंदी : कायद्याचा दंड आणि समाजाचे मन



१६ जानेवारी १९२० या दिवशी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक या बंदराच्या शहरात एक विलक्षण अंत्ययात्रा निघाली. वीस फूट लांबीची शवपेटी, तिच्यामागून चालणारा सैतानाचे सोंग घेतलेला एक माणूस आणि प्रार्थनामंडपात दाटीवाटीने जमलेले सुमारे दहा हजार श्रोते. त्या शवपेटीत होता मद्यासुर! बिली संडे हे त्या काळातील अत्यंत लोकप्रिय ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांनी मद्यासुराचे उत्तरकार्य उरकले आणि जमलेल्या जनसमुदायाला ग्वाही दिली की, आता गलिच्छ वस्त्या इतिहासजमा होतील आणि तुरुंगांचे कारखाने होतील.

त्याच मध्यरात्री देशभर दारूबंदी लागू झाली. त्यानंतर एक तासही पुरता उलटला नव्हता, तोच शिकागोच्या एका रेल्वे यार्डात सहा मुखवटाधारी शिरले. पिस्तुलांच्या धाकावर त्यांनी पहारेकऱ्यांना जखडून टाकले आणि औषधी वापरासाठी राखून ठेवलेली सुमारे एक लाख डॉलर किमतीची व्हिस्की घेऊन ते पसार झाले. एकीकडे अंत्ययात्रा, दुसरीकडे दरोडा! पुढील जवळजवळ चौदा वर्षांचा इतिहास त्या एका रात्रीत बीजरूपाने सामावलेला आहे.

या इतिहासाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. दारूबंदी हा मूठभर कर्मठ माथेफिरूंचा हट्ट होता, हे पहिले मत. कायदा उत्तम होता, अंमलबजावणी तेवढी कच्ची राहिली, हे दुसरे. दोन्ही मते सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. खरा इतिहास या दोहोंपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे.

वेदना खरी होती

अमेरिकेतील मद्यपानाचे प्रमाण एकोणिसाव्या शतकात किती भयावह होते, याची आज कल्पना येणे कठीण. इतिहासकारांच्या अंदाजानुसार १८३० च्या सुमारास तेथील प्रौढ माणूस वर्षाकाठी सरासरी सात गॅलन, म्हणजे सुमारे सव्वीस लिटर शुद्ध मद्यार्क पोटात रिचवत असे. मक्याचे पीक अमाप होते, रस्ते नव्हते, धान्य दूरच्या बाजारपेठेत नेणे परवडत नव्हते. त्यामुळे त्याची व्हिस्की करून विकणे शेतकऱ्याला सोपे पडे. पुढे कारखानदारी वाढली आणि गल्लोगल्ली ‘सलून’ म्हणजे आपल्या भाषेत गुत्ते उभे राहिले. बिअरच्या कंपन्या स्वतःच्या पैशाने गुत्ते थाटून देत. मजुराचा आठवड्याचा पगार घरापर्यंत पोहोचण्याआधी गुत्त्याच्या गल्ल्यात पडे. नवरा पिऊन आला, तर बायकोला कायद्याचा आधार नव्हता. तिला मताचा अधिकार नव्हता आणि संपत्तीवरील तिचा हक्कही अनेक ठिकाणी तोकडा होता.

म्हणूनच या चळवळीचा प्राण होत्या त्या स्त्रिया. डिसेंबर १८७३ मध्ये ओहायो राज्यातील हिल्सबरो या लहानशा गावी घरंदाज गृहिणी रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या हातांत शस्त्रे नव्हती. गुत्त्याच्या दारात गुडघे टेकून त्या प्रार्थना करत, स्तोत्रे गात आणि मालकाला धंदा सोडण्याची विनंती करत. हे लोण पाहता पाहता शेकडो गावांत पसरले. त्यातूनच १८७४ मध्ये ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ही संघटना स्थापन झाली. १८७९ पासून १८९८ पर्यंत तिचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या फ्रान्सिस विलार्ड यांनी ‘घराचे रक्षण’ हे सूत्र देशभर पोहोचवले. कॅन्सास राज्यात हातात कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडणाऱ्या कॅरी नेशन यांचे नाव आजही थट्टेने घेतले जाते. परंतु त्यांचा पहिला पती दारूपायी अकाली मरण पावला होता, हे थट्टा करणारे विसरतात. ती कुऱ्हाड एका उद्ध्वस्त संसारातून आली होती.

दारूबंदीची मागणी करणाऱ्यांना वेडे ठरविणे हा म्हणूनच इतिहासाचा अपलाप होय. त्यांची वेदना खरी होती. प्रश्न होता तो उपायाचा.

प्रबोधनाकडून दडपणाकडे

१८९३ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांची वाणी अमेरिकेने ऐकली. त्याच वर्षी ओहायोतील ओबर्लिन येथे ‘अँटी-सलून लीग’ ही संघटना जन्मास आली. आधीच्या चळवळीचा भर मनुष्याला व्यसनातून सोडविण्यावर होता. या नव्या संघटनेने आपले सारे लक्ष कायदेमंडळावर केंद्रित केले. तिचे सूत्रधार वेन व्हीलर हे राजकारणातील अत्यंत कुशल खेळाडू. उमेदवार कोणत्या पक्षाचा आहे, तो स्वतः पितो की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. तो सभागृहात दारूबंदीच्या बाजूने मत देतो की नाही, एवढेच ते पाहत. विरोधात मत देणाऱ्याला पुढील निवडणुकीत पाडण्याइतकी मते या संघटनेच्या मुठीत असत.

येथेच चळवळीचे रूप पालटले. ज्याच्या घरात बाटली आहे, पण ज्याचे मत आपल्या बाजूला आहे, तो मित्र ठरला. आचरणापेक्षा मतदान मोठे झाले. या ढोंगाची किंमत पुढे संपूर्ण राष्ट्राने मोजली.

दोन घटनांनी मार्ग मोकळा केला. संघराज्य सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे तीस ते चाळीस टक्के वाटा दारूवरील करातून येत असे. १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आला आणि सरकारचे हे परावलंबन संपले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. बिअरचे बडे कारखानदार बहुतांशी जर्मन वंशाचे होते. पाब्स्ट, श्लिट्झ, बुश ही नावे एकाएकी शत्रूची नावे वाटू लागली. बिअर पिणे हा जणू देशद्रोह ठरला. युद्धज्वराच्या या वातावरणात डिसेंबर १९१७ मध्ये काँग्रेसने अठरावी घटनादुरुस्ती संमत केली आणि अवघ्या तेरा महिन्यांत, १६ जानेवारी १९१९ रोजी आवश्यक त्या छत्तीस राज्यांची मान्यता पूर्ण झाली. अंमलबजावणीसाठीचा ‘व्होल्स्टेड कायदा’ राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नाकारला, पण काँग्रेसने त्यांचा नकार झुगारून तो ऑक्टोबर १९१९ मध्ये पारित केला.

या कायद्यात अर्धा टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय ‘मादक’ ठरविले गेले. बंदी व्हिस्कीवर येईल, बिअर वाचेल, अशा समजुतीत असलेल्या लक्षावधी सामान्य माणसांना हा धक्का होता. त्यांत जर्मन, आयरिश, इटालियन वंशाचे स्थलांतरित कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या लेखी बिअर किंवा वाइन हे पाप नव्हते, तर जेवणाचा भाग होता. खेड्यांतील प्रोटेस्टंट समाजाने शहरांतील कॅथलिक स्थलांतरितांवर लादलेला हा दंड आहे, अशी त्यांची भावना झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. १९२० च्या दशकात फोफावलेल्या कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेने दारूबंदीच्या नावाखाली स्थलांतरितांच्या घरांवर धाडी घातल्या. जो कायदा एका समाजगटाला धर्मकार्य वाटतो आणि दुसऱ्याला सूड वाटतो, त्याच्या पायाखालची जमीन पहिल्या दिवसापासून भुसभुशीत असते.

पळवाटांचे राज्य

घटनादुरुस्तीने दारूचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली, परंतु पिण्यावर नाही. बंदीपूर्वी घेतलेला साठा घरात ठेवून पिण्यास पूर्ण मुभा होती. धनिकांनी तळघरे भरून घेतली. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित येल क्लबने चौदा वर्षे पुरेल एवढा साठा केल्याचे सांगितले जाते. मजुराचा बिअरचा पेला मात्र हिरावला गेला. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये पत्त्यांच्या डावाबरोबर व्हिस्की चालत असे. खुद्द काँग्रेसच्या सदस्यांना त्यांच्या कार्यालयांत बाटल्या पोहोचविणारा जॉर्ज कॅसिडी हा इसम पुढे १९३० मध्ये वृत्तपत्रातून आपली हकीकत सांगता झाला. त्याच्या म्हणण्यानुसार पाचांपैकी चार सदस्य मद्यपान करणारे होते. कायदा करणारेच त्याचे ग्राहक!

चर्चमधील विधीसाठी वाइनला सूट होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळे. अशा चिठ्ठ्यांचा पाऊस पडू लागला. द्राक्षांचा घट्ट रस विकणारे, तो पाण्यात कालवून वीस दिवस ठेवल्यास त्याची वाइन होईल, म्हणून तसे मुळीच करू नये, असा साळसूद इशारा वेष्टनावर छापत. ग्राहकाला जे कळायचे ते कळे. सिनसिनाटीचा जॉर्ज रेमस हा पेशाने वकील, पूर्वाश्रमीचा औषधविक्रेता. त्याने दारूच्या बंद पडलेल्या भट्ट्या साठ्यासह विकत घेतल्या, स्वतःच औषध कंपन्या काढल्या, सरकारी परवान्यावर व्हिस्की बाहेर काढली आणि वाटेत आपल्याच माणसांकरवी आपल्याच मालमोटारी लुटवल्या. कागदोपत्री चोरी झाली, माल काळ्या बाजारात गेला!

हे रोखायला सरकारकडे काय होते? एवढ्या विशाल देशासाठी, हजारो मैलांच्या सीमा आणि किनाऱ्यांसाठी प्रारंभी सुमारे दीड हजार अधिकारी. त्यांचा पगार तुटपुंजा, नेमणुका राजकीय शिफारशीवर. १९२७ पर्यंत त्यांना नागरी सेवेचे नियम लागू नव्हते. महिन्याच्या पगाराइतकी रक्कम एका रात्रीत डोळेझाक करण्यासाठी मिळत असे. परिणामी सुमारे बारापैकी एकाला भ्रष्टाचार वा गैरवर्तनासाठी काढून टाकावे लागले. राज्य सरकारांनीही हात आखडता घेतला. न्यूयॉर्क राज्याने तर १९२३ मध्ये आपला स्वतंत्र अंमलबजावणी कायदाच रद्द केला. त्या शहरात चोरट्या गुत्त्यांची संख्या बत्तीस हजारांपर्यंत गेल्याचा अंदाज पोलिसांनीच वर्तविला होता. पूर्वीच्या अधिकृत गुत्त्यांपेक्षा ती किती तरी अधिक होती. पूर्वी गुत्त्यात प्रामुख्याने पुरुषच दिसत. या नव्या अड्ड्यांत तरुण मुलीही दिसू लागल्या. चोरून पिणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

शिकागोचे साम्राज्य

गुन्हेगारी अमेरिकेत पूर्वीही होती. जुगार, वेश्याव्यवसाय, खंडणी यांवर टोळ्या पोसल्या जात होत्या. परंतु त्या गल्लीपुरत्या होत्या आणि स्थानिक राजकारण्यांच्या आश्रित होत्या. दारूबंदीने हे नाते उलटे केले. कोट्यवधी ग्राहक असलेला एक संपूर्ण उद्योग सरकारने एका रात्रीत बाजारातून काढला आणि नकळत टोळ्यांच्या हवाली केला. चोरटी दारू ही केवळ बाटली नव्हे. तिला भट्टी लागते, गोदाम लागते, मालमोटारी लागतात, हिशेबनीस लागतात, वकील लागतात. कॅनडाच्या सीमेवरून, डेट्रॉइट नदी ओलांडून, बहामा बेटांवरून माल आणावा लागतो. पोलिस, न्यायाधीश, नगरसेवक यांना नियमित हप्ता पोहोचवावा लागतो. या सर्व गरजांतून गल्लीतील गुंडांची ‘संघटित गुन्हेगारी’ झाली. कराराचा भंग झाला, तर ज्या धंद्याला न्यायालयात जाता येत नाही, त्याचा न्याय बंदुकीनेच होतो. टोळीयुद्धाचे मूळ कारण हे आहे.

ज्या शिकागोत विवेकानंदांनी विश्वबंधुत्वाचा उद्घोष केला, तेच शिकागो तीस वर्षांत या रक्तपाताचे केंद्र बनले. मे १९२० मध्ये टोळीप्रमुख जिम कोलोसिमो याची हत्या झाली आणि त्याची जागा जॉनी टोरियो याने घेतली. नोव्हेंबर १९२४ मध्ये प्रतिस्पर्धी डीन ओबॅनियन हा त्याच्याच फुलांच्या दुकानात मारला गेला. सूड म्हणून जानेवारी १९२५ मध्ये टोरियोवर गोळीबार झाला. तो वाचला, पण त्याने सूत्रे सव्वीस वर्षांच्या आल कपोनकडे सोपविली. कपोन स्वतःला व्यापारी म्हणवी. लोकांना हवे ते आपण पुरवतो, एवढेच त्याचे समर्थन असे. मंदीच्या काळात त्याने बेकारांसाठी मोफत सूप वाटण्याचे केंद्रही उघडले होते.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता. मरणाऱ्यांना ही नेहमीची धाड वाटली असावी. रक्षकाचा गणवेश आणि भक्षकाचा गणवेश एकच होऊन जावा, याहून त्या काळाचे बोलके चित्र दुसरे नाही. वृत्तपत्रेही यातून सुटली नाहीत. जून १९३० मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’चा वार्ताहर जेक लिंगल याची हत्या झाली. प्रारंभी तो हुतात्मा ठरला. नंतर चौकशीत तो स्वतःच टोळीवाल्यांच्या व्यवहारांत गुंतल्याचे निष्पन्न झाले. वार्ताहराच्या पगारात न बसणारे त्याचे राहणीमान शहर उघड्या डोळ्यांनी पाहत होते!

एवढ्या हत्यांच्या सावलीत वावरणाऱ्या कपोनला अखेर शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. ऑक्टोबर १९३१ मध्ये त्याला अकरा वर्षांची कैद झाली. बेकायदा उत्पन्नावरही कर भरावा लागतो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयात मान्य करून घेण्यात सहायक महान्यायवादी मेबल वॉकर विलेब्रँट यांचा मोठा वाटा होता. जिद्दीने कायदा राबविणाऱ्या याच बाईंनी १९२९ मध्ये पद सोडल्यावर घरगुती वाइनसाठी द्राक्षरस विकणाऱ्या कंपनीचे वकीलपत्र घेतले. तो काळच तसा होता.

राज्याने मिसळलेले विष

या साऱ्यापेक्षाही काळीज हेलावणारी गोष्ट वेगळी आहे. रंग, औषधे, द्रावके यांच्या निर्मितीसाठी औद्योगिक मद्यार्क लागतोच. त्यात काही द्रव्ये मिसळून तो पिण्यास अयोग्य केला जाई. टोळ्यांचे रसायनतज्ज्ञ तो पुन्हा शुद्ध करून बाजारात आणत. त्यावर सरकारने १९२६-२७ च्या सुमारास अधिक जहाल द्रव्ये, विशेषतः मिथेनॉलचे वाढीव प्रमाण, मिसळण्याचा आदेश दिला. मिथेनॉलने माणूस आंधळा होतो, मरतो. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. शहराचे प्रमुख वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी सरकारवर जाहीर ठपका ठेवला. लोक पितात हे ठाऊक असूनही सरकार विष मिसळते, तेव्हा या मृत्यूंचे नैतिक उत्तरदायित्व त्याचेच, अशी त्यांची भूमिका होती. वेन व्हीलर यांचे उत्तर असे की, बंदी असताना जो पितो, तो आत्महत्याच करतो.

येथे एका चळवळीचे नैतिक पतन पूर्ण झाले. मद्यपी पतीला वाचविण्यासाठी हिल्सबरोच्या ज्या बायका बर्फात गुडघे टेकून बसल्या होत्या, त्यांच्याच ध्येयाच्या नावाने आता तो पती मेला तरी चालेल, असे सांगितले जात होते. आणि मरत होते ते गरीबच. श्रीमंतांना कॅनडाची अस्सल व्हिस्की मिळत होती. १९३० मध्ये ‘जमैका जिंजर’ या आल्याच्या औषधी अर्कात भेसळ झाली आणि हजारो गरिबांचे पाय कायमचे लुळे पडले.

हिशेबाची दुसरी बाजू

तथापि न्याय करायचा, तर दारूबंदीच्या पदरात तिचे श्रेयही टाकले पाहिजे. पहिल्या वर्षांत मद्यपान पूर्वीच्या सुमारे एकतृतीयांशावर आले, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पुढे ते वाढत गेले, तरी जुन्या पातळीच्या खालीच राहिले. यकृताच्या सिरॉसिसने होणारे पुरुषांचे मृत्यू १९११ मध्ये लाखामागे सुमारे तीस होते. १९२९ मध्ये ते सुमारे अकरा झाले. ही घट बंदीपूर्वीच सुरू झाली होती, हेही खरे. कित्येक कामगारांच्या घरी पगार पोहोचू लागला. ज्या घरांतील चूल पेटली, त्यांची नावे इतिहासात येत नाहीत. कपोनचे नाव येते.

दुसऱ्या पारड्यात काय पडले? खुनांचे प्रमाण १९२० मध्ये लाखामागे सुमारे सात होते, ते १९३३ पर्यंत सुमारे दहावर गेले. ही वाढ एकट्या दारूबंदीमुळे झाली असे म्हणता येणार नाही. परंतु टोळीयुद्धांचा वाटा नाकारता येत नाही. तुरुंगांचे कारखाने झाले नाहीत. उलट ते इतके भरले की, १९३० मध्ये संघराज्य सरकारला तुरुंगांसाठी स्वतंत्र विभागच स्थापन करावा लागला. १९२९ च्या कायद्याने शिक्षा वाढून पाच वर्षे कैद आणि दहा हजार डॉलर दंडापर्यंत गेली. तरीही धाक बसला नाही. सर्वांत मोठी हानी आकड्यांत मावणारी नव्हती. प्रतिष्ठित गृहस्थ, डॉक्टर, प्राध्यापक, न्यायाधीश असे सारे रोज कायदा मोडत होते आणि त्यात काही वावगे मानत नव्हते. एका कायद्याची लाज गेली की, इतर कायद्यांचीही भीड चेपते.

ज्यांनी आणली, त्यांनीच उठवली

मे १९२९ मध्ये पॉलिन सेबिन या प्रतिष्ठित रिपब्लिकन कार्यकर्तीने बंदी उठविण्यासाठी स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभारली. त्या स्वतः पूर्वी बंदीच्या समर्थक होत्या. मुले दारूपासून दूर राहतील म्हणून त्यांनी पाठिंबा दिला होता. आपली मुले कायद्याविषयी तुच्छता शिकत वाढत आहेत, हे पाहून त्यांचे मन पालटले. काही वर्षांतच त्यांच्या संघटनेने दहा लाखांहून अधिक सदस्यसंख्येचा दावा केला. घराच्या रक्षणासाठी एका पिढीतील मातांनी बंदी मागितली. घराच्याच रक्षणासाठी पुढच्या पिढीतील मातांनी ती उठविण्याची मागणी केली. १९३२ मध्ये जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी जाहीर पत्राने बंदीचा पाठिंबा काढून घेतला. ते आजन्म निर्व्यसनी होते आणि अँटी-सलून लीगला त्यांच्या कुटुंबाने मोठ्या देणग्या दिल्या होत्या. त्यांच्या पत्राने देश हादरला.

आर्थिक महामंदीने उरलेले काम केले. चारपैकी एक कामगार बेकार असताना दारूचा कर आणि रोजगार सरकारला हवेसे झाले. एप्रिल १९३३ मध्ये सौम्य बिअर परत आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने अठरावी रद्द केली. अमेरिकेच्या घटनेतील एक दुरुस्ती दुसरीने सर्वस्वी रद्द करण्याचा हा एकमेव प्रसंग. छत्तिसावे निर्णायक मत दिले ते युटा राज्याने, जेथे मद्य निषिद्ध मानणाऱ्या मॉर्मन पंथीयांचे बहुमत होते! बंदी ठेवायची की नाही, हा अधिकार मात्र राज्यांकडे राहिला. मिसिसिपी राज्याने १९६६ पर्यंत ती चालू ठेवली.

दारू कायदेशीर झाली, पण टोळ्या विसर्जित झाल्या नाहीत. बंदीच्या वर्षांत कमावलेले भांडवल, ओळखी आणि शिस्त घेऊन त्या जुगार, कामगार संघटना आणि अमली पदार्थ यांकडे वळल्या. राज्याने वेळेवर उपटले नाही, तर एका कायद्याच्या सावलीत वाढलेले विषवृक्ष तो कायदा गेल्यावरही फळे देत राहतात.

ॲक्रनमधील दोन मद्यपी

ही कथा येथे संपवली, तर ती निराशेची होईल. परंतु तिचा खरा शेवट दीड वर्षानंतर ओहायोतच घडला. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील माणूस व्यवहारासाठी ॲक्रन या शहरी आला. तो बंदीच्या वर्षांत दारूने पुरता बुडाला होता आणि काही महिन्यांपूर्वीच कष्टाने सावरला होता. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दालनात एका बाजूने बारमधील हास्यविनोद कानी येत होते. आज आपण घसरणार, हे त्याच्या लक्षात आले. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि चर्चची माणसे गाठून विचारणा केली : या गावात आपल्यासारखा एखादा मद्यपी आहे का? त्याला डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकांचा पत्ता मिळाला.

या डॉक्टरांचा अनुभव मोठा मार्मिक आहे. १९२० मध्ये बंदी आली, तेव्हा आपण आता सुटलो, असे त्यांना वाटले होते. परंतु सरकार डॉक्टरांना औषधी मद्यार्क देतच होते आणि थोड्याच काळात चोरटे विक्रेतेही दारी आले. ज्या कायद्यासाठी घटना बदलली गेली, तो कायदा या एका माणसाला वाचवू शकला नाही. त्याला वाचविले ते दुसऱ्या मद्यपी माणसाने, समोर बसून, तासन् तास बोलून. १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापना दिन मानला जातो. तिला ना सरकारी आदेश, ना पोलिस, ना सक्तीची वर्गणी. माणसाने माणसाला भेटायचे, एवढीच तिची कार्यपद्धती. आज जगभर आणि महाराष्ट्रातील अनेक गावांतही तिच्या सभा भरतात.

महाराष्ट्राला अमेरिकेचा हा अनुभव परका नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा येथेही प्रकृतीच्या कारणास्तव परवाने निघाले, हातभट्ट्या पेटल्या आणि वरदराजन मुदलियारसारख्यांची साम्राज्ये चोरट्या दारूवर उभी राहिली. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब दगावले. तेथेही विष मिथेनॉलचेच होते. चंद्रपुरात महिलांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. याउलट गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी एकत्र येऊन ‘आडवी बाटली’ करावी, ही तरतूद अधिक आशादायक वाटते. तेथे निर्णयापूर्वी घरोघरी जाऊन मन वळवावे लागते. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने तर व्यसनी माणसाला आरोपी न मानता रुग्ण मानले आणि हजारो घरे सावरली.

संसदेने कायदे केल्याने राष्ट्र मोठे होत नाही, त्यातील माणसे मोठी असली तर होते, असे विवेकानंद सांगत. याचा अर्थ कायदा निरुपयोगी आहे, असा नव्हे. भेसळ करणाऱ्याला, अल्पवयीनांना विकणाऱ्याला, पिऊन गाडी हाकणाऱ्याला दंड हवाच. परंतु कायदा हा बांध आहे. पाणी कोणीकडे वाहते हे पाहून, माती दाबून, वर्षानुवर्षे राबून बांध घालावा लागतो. अमेरिकेने भर पुरात एका रात्रीत बांध घातला आणि तो फुटल्यावर त्या पाण्यात टोळ्यांनी नावा चालविल्या.

ज्या घरात आज दारूची समस्या आहे, ते घर प्रत्येकाच्या वस्तीत आहे. त्या घराचे दार ठोठावायला कोणत्याही घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही.